माझी पाठ ठणठणीत आहे

सोमवार, ५ तारीख. सकाळी ७.
नवी वही. बुटाची नाडी बांधताना शिंकलो आणि पाठीत कट् झालं. दुखत नाहीये. फक्त आपल्याला पाठ आहे हे कळतंय, जे आधी कळत नव्हतं. वयाचा संबंध नाही. वय एकोणतीस. शनिवारी तीस, पण शनिवार लांब आहे.
दोष सोफ्याचा. ताईकडे दोन महिने त्यावरच झोपतोय. (आलो होतो दोन दिवसांसाठी.)
मोठी बातमी: घरसामान हलवणारे ट्रकवाले काका रविवारी पार समुद्रापर्यंत निघतायत. अकरा दिवस. केबिनमध्ये एकच जागा, सामान उचलणाऱ्यासाठी. शनिवारी माणूस पारखून घेणार. मी निघालो असं गल्लीभर सांगून बसलोय. समुद्र अजून पाहिलेला नाही, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही.
निश्चय: रोज पन्नास सिटअप्स.

मंगळवार, ६.
सिटअप्स: अर्धी. खाली जायचा भाग उत्तम जमला. वर यायचा राहिला.
पडल्या पडल्या सोफ्याखाली जुना रेडिओ दिसला. खोलला. त्याचे बारा वाजले. आधी खरखरायचा, आता शांत आहे. तीन स्क्रू उरले.
आजोबा मला ओलांडून गेले. आजोबा म्हणजे ताईचे सासरे. वय बहात्तर, चाळीस वर्षं गोदामात पेट्या उचलल्या. म्हणाले, पोरा, कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून बस. म्हाताऱ्या माणसांना बसण्यापलीकडे काही सुचत नाही.

बुधवार, ७.
सोफ्याचा दोष सिद्ध करायला जमिनीवर झोपलो. आता दोष जमिनीचा. ताईला नीट समजावलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. वाकता येईना जमीन खोल, हे तुझ्याकडूनच ऐकते.
निश्चय: ताईशी अबोला. (चहापर्यंत.)

गुरुवार, ८.
पाठीला मलम. दुखतंय म्हणून नाही, लवचिकतेसाठी. भावोजींनी विचारलं, हा वास कसला? म्हटलं, नवीन परफ्यूम. तेवढ्यात आजोबा आतून ओरडले, माझी ट्यूब कुणी नेली रे? भावोजी म्हणाले, बाबा, तुमचा परफ्यूम सापडला.

शुक्रवार, ९.
सराव. ताईचं वॉशिंग मशीन. मिठी मारली, श्वास रोखला, उचललं. मशीन जागच्या जागी. मीही. सरळच होता येईना. ताई आली, काही न विचारता कपडे टाकले आणि मशीन चालू करून निघून गेली. अठ्ठेचाळीस मिनिटं. स्पिनला फार बरं वाटलं. शेवटी आजोबांनी कपड्यांबरोबर मलाही सोडवलं.
मशीन मी उचलू शकतो, हे मनाला पटलंय. मनाला पटणं महत्त्वाचं.

शनिवार, १०. दुपारी.
वाढदिवस. गाजावाजा नको म्हटलं. कुणी करतही नव्हतं.
काकांकडे जाताना माझी पिशवी आजोबांनी घेतली. मला हात मोकळे हवे होते. (भिंत धरायला.) ट्रकपाशी फ्रिज, कपाट, लोखंडी पलंग. मी बाह्या सरसावल्या. काकांनी कानामागची पेन्सिल काढली, खाली टाकली आणि म्हणाले, उचल.
एवढंच? ऐटीत कमरेतून वाकलो.
पुढचं दृश्य पाठ आहे: काकांचे बूट, पेन्सिल, आणि बोटं तिच्यापासून वीतभर वर. काका म्हणाले, वीस वर्षं हीच परीक्षा घेतो. कमरेतून वाकणारा पहिल्याच जिन्यावर आडवा होतो. मी खालूनच म्हटलं, शोधतोय. ते म्हणाले, नाकासमोर आहे.
मग आजोबा गुडघ्यातून बसले, पेन्सिल उचलली, उभे राहिले. हूं नाही की चूं नाही. काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं, आजोबा, उद्या काय करताय?
मी म्हटलं, अहो, त्यांचं वय बहात्तर! काका म्हणाले, उचलणारे वाटेत पैशाला पासरी मिळतात. कसं उचलायचं हे सांगणारा मिळत नाही.
पेन्सिल मला देऊन टाकली. सरावाला.

रविवार, ११.
आजोबा निघाले. माझीच पिशवी घेऊन. त्यांची गरम पाण्याची पिशवी मला ठेवून. ताई म्हणाली, वाटणी योग्य झाली.

गुरुवार, १५.
आजोबांचा फोन. विचारलं, समुद्र कसा आहे? म्हणाले, मोठा आहे रे. मग म्हणाले, गुडघ्यातून बसतोस ना?
म्हटलं, रोज.
निश्चय: उद्यापासून रोज.

शनिवार, १७. सकाळी ११.
पेन्सिल मुद्दाम खाली टाकली. वही हातातच. गुडघ्यातून बसलो. आली! हातात आली! त्याच पेन्सिलीने लिहितोय. आजोबांचं शंभर टक्के खरं. पुढच्या ट्रकला मी नक्की.

११:४०.
उठायचं कशातून, ते विचारायचं राहिलं.
फोन सोफ्यावर. ताई सहाला येते.