हेल्मेट काढावं की काढू नये

३ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न.

सोबत माझ्या पहिल्या सिनेमाची पटकथा आहे: परग्रहावर उतरलेली सहा माणसं आणि तिथला एक आजार. तू संसर्गाच्या वॉर्डात परिचारिका होतीस, आणि असले सिनेमे बघताना कपाळाला हात लावतेस. तेव्हा दयामाया न दाखवता चुका काढ. महिनाअखेर पटकथा पसंत पडली नाही, तर निर्माते दुसऱ्याकडून लिहून घेणार आहेत. आईचा खोकला थांबला. लोभ नेहमीसारखा, पेन मात्र कडक असू दे.

तुझी,
टकळी

११ मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

पोरी, लिहितेस झकास. यानातल्या भांडणाचं पान मी दोनदा वाचलं. पण एवढी शिकलेली माणसं अक्कल घरी ठेवून निघाली की काय? हवा छान वाटली म्हणून कॅप्टनबाई हेल्मेट काढतात. अनोळखी प्राणी दिसला की शास्त्रज्ञ त्याला कुरवाळतो. आमच्याकडे पहिल्या दिवशीची शिकाऊ मुलगीही असं करणार नाही. सगळं दुरुस्त केलं आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी मावशी

१६ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न.

तुझी एकेक दुरुस्ती लाखमोलाची. सगळ्या केल्या. आता कुणी कशाला हात लावत नाही, आणि सहाही जण नवव्या पानावर सुखरूप घरी पोचतात. निर्माते म्हणाले, उरलेले दोन तास प्रेक्षकांनी काय करायचं? शिवाय नटीचा चेहरा दिसायला हवा, म्हणून हेल्मेट निघालंच पाहिजे. पण उगाच काढलेलं हेल्मेट आता माझ्याच्याने लिहवत नाही. शहाणं माणूस असं कधी करतं का गं?

तुझी गोंधळलेली,
टकळी

२१ मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

करतं. मीच केलं आहे. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. वॉर्डात एक सुतार होता, ठार बहिरा. ओठ बघून त्याला बोलणं कळायचं, आणि आमची सगळ्यांची तोंडं झाकलेली. लिहिलेलं वाचता येईना, भीतीने सुई टोचू देईना. मी तोंडावरची पट्टी खाली केली आणि सांगितलं, हे औषध आहे, मी इथेच बसते. त्याने हात पुढे केला. नियम मला पाठ होते, इतरांना मीच शिकवत होते. व्हायचं तेच झालं: तीन आठवडे मी त्याच वॉर्डात खाटेवर होते. तो वाचला. तुझ्या आईला प्रशिक्षणाला जाते असं कळवलं होतं, तिला आताही सांगू नकोस. कॅप्टनबाईंना हेल्मेट काढू दे, पण कुणासाठी ते आधी ठरव.

तुझी मावशी

२९ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न.

आता कॅप्टनबाई सगळे धोके एकेक करून मोजतात आणि मग, आजाराने बहिऱ्या झालेल्या घाबरलेल्या सोबत्याला ओठ दिसावेत म्हणून, हेल्मेट काढतात. निर्मात्यांनी त्या पानातला एक शब्द बदलला नाही. सिनेमा माझाच राहिला. मावशी, मला तुझा फार अभिमान वाटतो. समोर असतीस तर हे बोलायला जमलं नसतं.

एक गुन्हा कबूल करते. आईला पटकथा वाचून दाखवली. त्या पानाशी तिने विचारलं, हे तुला सुचलं कसं? मला खोटं बोलता आलं नाही. ती रडली, मग तुझ्यावर भयंकर संतापली, मग बॅग भरायला बसली. उद्याच्या पहिल्या गाडीने ती निघते आहे, हे पत्रही बंद पाकिटात तिच्याच हाती पाठवते. आधी रागावेल, रागावू दे. तेव्हा राहून गेलेली शुश्रूषा तिला आता करायची आहे. तू धडधाकट आहेस हे मी सांगून पाहिलं, ती ऐकत नाही. निमूट करून घे.

या गुन्ह्यापायी माझ्या वाट्याचा लोभ मात्र कापू नकोस.

तुझी,
टकळी