पहिल्या शिंकेचा नमुना

सोमवार, ४
पाचवं कुत्रंही खोकायला लागलं! मालक गावाला गेले की दवाखान्यामागच्या खोल्यांत कुत्री आमच्याकडे राहतात. सध्या अकरा आहेत. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नेहमीचा खोकला गं. आठवड्यात जाईल." पण त्याची लस तर सगळ्यांना टोचलेली! वर ताप एकशेचार. मला इन्फ्लुएंझाचा दाट संशय आहे. शनिवारी सगळी घरी जाणार — म्हणजे घरोघरी साथ.

मंगळवार, ५
बाईंच्या मागे लागून लागून नमुना पाठवला. सगळ्यांत जास्त खोकणाऱ्या भुऱ्याचा. नाकात काडी घालू देईना, हातमोजाच पळवला. आजारी असूनही लबाड.

बुधवार, ६
निगेटिव्ह. तोंडघशी पडले. बाई हसल्या, "डोक्यातलं खूळ काढ आता."

गुरुवार, ७
दात घासताना ट्यूब पेटली! भुऱ्या आठ दिवस खोकतोय. हा विषाणू नाकात सापडतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत; खोकला जोर धरतो तोवर बेटा पसार. मी सगळ्यांत आजारी कुत्रा निवडला. निवडायचा होता सगळ्यांत ताजा!

तपकिरी पिल्लू कालपासून शिंकतंय. खातंय, उड्या मारतंय, कोणी आजारी म्हणणार नाही. त्याचाच नमुना घेतला. "तू थोडीच ऐकणार आहेस," म्हणत बाईंनी सही केली.

शुक्रवार, ८
पॉझिटिव्ह!! पॉझिटिव्ह!!

उद्याचं घरी पाठवणं रद्द. शिंकणारी वेगळी, खोकणारी वेगळी, भांडी वेगळी, एप्रनसुद्धा वेगळे. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली — त्या बाईंनी! मी कागद नाचवत बाहेरच्या खोलीतून दोन फेऱ्या मारल्या. भुऱ्याला धाप लागतेय, ऑक्सिजन लावलाय. मालकांना फोन करायचे आहेत. दहा झाले, एक राहिला.

शनिवार, ९
भुऱ्या सकाळी गेला. न्यूमोनिया.

राहिलेला फोन त्याच्याच मालकांचा होता. म्हातारे घड्याळजी, एकटेच असतात. गावाहून लवकर परतले आणि काल बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसून होते म्हणे. मी पाहिलंच नाही.

आज दार उघडताच हसत म्हणाले, "काल तुम्हाला कागद घेऊन नाचताना पाहिलं, तसाच घरी गेलो. म्हटलं, बरा झाला आपला भुऱ्या."

हातात पट्टा होता. त्याला न्यायला आले होते.