गाडी जशी आहे तशी

बाबा, तुम्ही तो जुना ट्रेलर घेतलात ती दुपार मला अजून नीट आठवते. कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष झालं असेल. मी स्वयंपाकघरात सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसले होते. विकणारा पडवीत चहा पीत होता आणि तुम्ही खरेदीचा कागद घेऊन आत आलात. "बाय, इंग्रजीत आहे. जरा वाचून सांग." मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हटलं, "नेहमीचंच आहे. करा सही." तुम्ही तिथेच, माझ्याच पेनाने सही केलीत.

तीन महिन्यांनी आंबा घाटातून पाइप घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणाला, गाडी वळणावर कण्हते. मिस्त्री खाली शिरला. मी दारात उभी आहे आणि त्याच्या हातोडीचा आवाज ऐकते आहे. चासीवर, गाडीच्या त्या लोखंडी सांगाड्यावर, सगळीकडे खणखणीत, एका जागी मात्र बद्द. त्याने काळा रंग खरवडला. आत पट्टी निघाली आणि पट्टीखाली बोट जाईल एवढा तडा. "शेठ, कंबर मोडलेल्या माणसाला कोट घालून उभा केलाय हो." तुम्ही हसला नाहीत. अख्ख्या तालुक्यातले लोक जुनी गाडी घेताना तुम्हाला बघायला न्यायचे. "मला कसं दिसलं नाही?" एवढंच म्हणालात.

पुन्हा वेल्डिंग करून रंग मारला तर विकली जाईल, पण भरलेली गाडी घाटात किती दिवस तग धरेल ते सांगता येत नाही, असं मिस्त्रीचं मत पडलं. सावर्ड्याचं एक गिऱ्हाईक आलं. विक्रीचा कागद मी लिहिला, आणि तुम्ही अडचणीत येऊ नये म्हणून शेवटी घातलं, 'अ‍ॅज इज, व्हेअर इज'.

"याचा अर्थ काय गो?"

"गाडी जशी आहे तशी घेतली. मागाहून दोष निघाला तर विकणाऱ्यावर येत नाही."

"विकणाऱ्याला ठाऊक असला तरी?"

"तरी."

"बरी सोय आहे! ते खोड आणि मराठीत लिही. चासीला डाव्या अंगाला तडा आहे."

गिऱ्हाइकाने ते वाचलं. "भाऊ, गाडी विकताय की माझं श्राद्ध घालताय?" दोघंही हसलात. चहा पिऊन तो गेला. मग माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "आपल्या कागदात होतं काय तसलं काही?"

मी नाही म्हटलं.

गाडी शेवटी सुटी करून विकली, चासी भंगारात गेली. त्यानंतर कुणी गाडी बघायला बोलावलं की तुम्ही म्हणायचात, "माझी नजर गेली आता, दुसऱ्या कुणाला न्या." जाईपर्यंत हेच म्हणत राहिलात, आणि मी दर वेळी आत निघून जायचे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर लिहून टाकते. ते वाक्य आपल्या कागदात होतं. मी वाचलं होतं. तडा निघाल्यावर मी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरना त्याचा अर्थ विचारला. त्या दुपारी मला ते चार शब्द समजले नव्हते, बाबा, आणि इंग्रजीतलं काही मला येत नाही हे तुम्हाला सांगायची लाज वाटली.