चिमीच्या खोलीतला वारा

८ नोव्हेंबर

चि. बापूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या कचेरीचा नवा नियम आमच्या दाराशी आला बरं का! ऊब बाहेर सोडणाऱ्या फटी हिवाळ्याआधी बुजवा, नाहीतर घर रिकामं करा. सख्ख्या भावाने नियम लिहायचे आणि बहिणीने निस्तरायचे!

पण आई मिस्त्रीला माडीवरच्या मागच्या खोलीत पाऊल ठेवू देत नाही. थंडी पडली की तिथे रडल्यासारखा आवाज येतो. आई म्हणते, ती चिमी आहे, तिला बुजवायचं नाही. आपली मधली बहीण तापाने गेली तेव्हा तू पाळण्यात होतास, मीही लहानच, मावशीकडे. बाबा होते तोवर, भास होतात तुला, म्हणून आईला गप्प करायचे. पण खरं सांगू? तो आवाज मलाही येतो.

काय करू, लवकर कळव.
तुझी ताई

१४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

टोमणे पोचले! अगं, तो वारा आहे. आमच्या कचेरीच्या तपासनीसबाई येतील, दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतील; मग जिथे फट असेल तिथून वारा आत घुसेल. आईला शेजारी बसवून दाखव, म्हणजे तिची समजूत पटेल. फक्त एक कोडं आहे. त्या खोलीला खिडकीच नाही, मग वारा येतो कुठून?

आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
बापू

२ डिसेंबर

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

पंखा सुरू झाला आणि भरदुपारी, सगळ्यांच्या देखत भिंत रडली. तपासनीसबाईंचाही चेहरा उतरला. मिस्त्रीने गिलावा फोडला. आत फळ्या, आणि फळ्यांमागे खिडकी.

आई शांतपणे म्हणाली, चिमीला ताप आलाच नव्हता. ती इथून पडली. बाबांनी त्याच आठवड्यात खिडकी बुजवली आणि तापाने गेली असं सगळ्यांना सांगितलं. 

तपासनीसबाई म्हणाल्या, विटांनी पक्की बुजवा किंवा दुहेरी काचेची खिडकी बसवा, नियमाला दोन्ही चालतं. मी विटा म्हणणार, तोच आई खिडकी म्हणाली.

काल खिडकी बसली. घर ऊबदार झालंय, आवाज थांबलाय. आईने खिडकी उघडली आणि खाली वाकली. मी तिला कमरेला घट्ट धरून होते. खाली अंगणातल्या फरशीकडे बघत राहिली. मग मला विचारलं, एवढ्याच उंचीवरून पडली होती का गं?

 लोभ पत्रातून पुरे झाला, आता तू ये.

तुझी ताई