ताण्याची जागा

सणगर गल्ली, रहिमतपूर

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीत कामाला असलेल्या राहीलच्या हाती पाठवतोय. दुसऱ्यांदा उतरवून काढलंय, खाडाखोड नको म्हणून.

मागच्या महिन्यात पुण्याहून कॉलेजची आठ मुलं-मुली आली होती. बागा, रस्ते, मोकळ्या जागा कशा आखायच्या, हे ती शिकतात. आपली जुनी गल्ली पुन्हा नांदती व्हावी म्हणून त्यांना आराखडा करायचा आहे. चार दिवस मी त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरून फिरलो. माझं अक्षर बघून अंकिता नावाच्या मुलीनं नोंदवहीच माझ्याकडे दिली. नववीत शाळा सोडलेल्याला एवढा मान! मी कडुनिंब, हापसा, गटाराची रुंदी, सगळं लिहिलं. सुलाबाईंची पायरी लिहीत होतो तर त्या म्हणाल्या, "माझं नाव बी घाल रं, न्हाईतर पायरीसकट मला उचलून न्हेतील."

मग देवळापासून आपल्या दारापर्यंतची सरळ पट्टी आली. तू आणि तात्या तिथंच घोंगड्याचा ताणा घालायचात, खुंट्यांवर लोकरीचे उभे धागे ताणून दोन्ही बाजूंनी एकेक जण कुंच्यानं चिंचोक्यांची खळ लावायचात. अंकितानं विचारलं, इथं काय चालतं? मी म्हणालो, सध्या काही नाही. ते खरंच होतं. तू तात्यांशी भांडून लोणंदला गेलास, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून ताणा पडलेला नाही. मी लिहिलं, 'रिकामी जागा, वापर नाही.'

सोमवारी नकाशा देवळात लावला. त्या पट्टीत पाच झाडं आणि चार बाकडी. तात्या बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सावली झ्याक पडंल. माग इकून टाकावा म्हंतो." माझी ओळ नकाशात खाली तशीच छापली होती. ती त्यांनी वाचली का, हे मला विचारवलं नाही.

मी अंकिताला फोन करून माझी चूक सांगितली. ती म्हणाली, अजून काही पक्कं नाही. रविवारी गल्लीची बैठक आहे, त्या दिवशी ताणा बघायला मिळाला तर झाडं कडेला घेऊ. मी तात्यांना तसं सांगितलं.

तुझ्या बाजूला मी उभा राहिलो असतो. पण तुला ठाऊक आहे, मी एकेक धागा निरखत बसतो आणि तोवर खळ वाळून जाते. तात्यांनी तुला बोलावलेलं नाही. मी बोलावतोय. आज सकाळी त्यांनी खळीसाठी चिंचोके आणले, खुंट्या ठोकल्या आणि कुंचे धुऊन उन्हात ठेवले. मी जवळ जाऊन बघितलं. दोन आहेत.

तुझाच,
केरबा