बाबा, तुमच्या नातीला मी परत आणलं

बाबा, तुमची नात घरी आली आहे. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. ती रांगत होती तेव्हा तुम्ही गेलात, त्यामुळे तुम्हाला ती आठवणार नाही आणि तिला तर तुम्ही फक्त फोटोतले. वर्दीतले, मिशीला पीळ दिलेले. जे झालं ते मला कोणाला तरी सांगायचं आहे. दादाला सांगता येत नाही, तो माझ्याशी बोलत नाही. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा मी "सुट्टीवर आली" म्हणते. म्हणून तुम्हाला लिहून राहिले.

तुमचे जावई गेल्यावर मी अमरावतीत खानावळ काढली. भरतीची तयारी करणारी पोरं जेवायला येतात. पहाटे ग्राउंडवर धावतात, मग ताटावर तुटून पडतात. ही त्यांच्यातच वाढली. त्यांना पोळ्या वाढता वाढता एक दिवस त्यांच्यासोबत धावायला लागली आणि वर्षभरात त्यांच्या पुढे धावायला लागली. मला म्हणायची, "आई, आजोबाच्या घरची पोरगी आहो मी." मी तिला तुमच्याच गोष्टी सांगून जेवू घातलं होतं. कवायत घेणाऱ्या उस्तादानं पाण्याच्या डबक्यात कोलांट्या मारायला लावल्या ती, बुटाच्या टोकात तोंड दिसेपर्यंत पॉलिश करायला लावलं ती. तुम्ही वलगावच्या अंगणात बाजेवर बसून त्या सांगायचात आणि आम्ही दोघं बहीणभाऊ पोट धरून हसायचो. तुमच्या गोष्टींत कोणी रडत नव्हतं, बाबा. एकही जण नाही.

ती फौजेत निवडली गेली तेव्हा दादानं वलगावच्या स्टँडवर बॅनर लावलं. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला ती. निघताना गावानं तिला हार घातले आणि दादानं माइक हातात घेऊन गेटची गोष्ट सांगितली. प्रत्येक लग्नात सांगतो तीच. तुम्ही ट्रेनिंगमध्ये रंगरूट असताना तुमचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, आगगाडीनं एवढ्या लांब गेले, गेटवरून तुम्हाला परेड करताना पाहिलं, आणि पोराचं मन कच्चं होऊ नये म्हणून न भेटताच परत फिरले. टाळ्या पडल्या. तिचे डोळे चमकत होते, मीही पदरानं डोळे पुसले. तुम्ही ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. दुसरं कोणी सांगत असलं की तुम्ही फक्त मान हलवायचात.

सुरुवातीचे फोन चांगले होते. मग नडगी दुखते म्हणाली. मग हाडाला बारीक चीर निघाली, दवाखान्यात राहिली आणि तिला मागच्या तुकडीत टाकलं. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या, हिचं सगळं पहिल्यापासून. चीर भरली, ती पुन्हा धावली, पुन्हा तिथंच दुखावलं. पुन्हा मागे. त्यानंतर फोनवर ती बोलेनाशी झाली. मी विचारायची जेवली का, ती "हो" म्हणायची. एका दुपारी मी कणीक मळत होते, फोन खांद्यात धरलेला.  ती म्हणाली, "आई, मी इथं राहिली तर वाचणार नाही." हात परातीतच राहिले. तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. अगदी हळू म्हणाली, मीठ संपलं सांगावं तसं.

मी दादाकडे वलगावला गेले. तो ऐकून घेत होता, पण मान हलतच नव्हती. "सगळ्याच पोट्ट्यांले तसं वाटते तिथं," म्हणाला. "बाबाले नसंल वाटलं? थांबले ना ते? स्टँडवर बॅनर लागून आहे तिचं. म्या काय सांगू लोकाइले, भाची पळून आली म्हनून?" मी म्हटलं, "दादा, तिले काही झालं तर?" तो म्हणाला, "काही नाही होत. तू आनू नको तिले. हात जोडतो." खरंच जोडले त्यानं हात. माझा मोठा भाऊ. 

मग मला अकोटचे काका आठवले. तुमच्यासोबतच भरती झालेले. त्या तुकडीतलं कोणी उरलं असेल तर तेच. मी एसटीनं अकोटला गेले. काका ओसरीत बसले होते, ऐकायला कमी येतं, कानाशी जाऊन बोलावं लागलं. मी विचारलं, "काका, बाबाले तिथं कधी घरी यावंसं वाटलं होतं का?" ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

"तुया आजा गेटावर आला होता, माहीत हाय ना?"

"हो. न भेटता गेले."

"कोन म्हनते न भेटता? मी होतो तिथं." काकांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तुया बापानं पाय धरले म्हाताऱ्याचे. मले घिऊन चला म्हने, वखर हाकीन, सालदारी करीन, पर मले इथून घिऊन चला. रडून राहिला होता लहान पोरावानी. म्हाताऱ्यानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं न् चालला गेला. मांगं वळून पाह्यलं नाही. तुया बापानं त्या भाकरी खाल्ल्या नाही, कोनाले खाऊबी देल्या नाही. बुरशी लागली, तवा उस्तादानं फेकाले लावल्या."

"मग?"

"मंग काय, पहिला आला परेडीत. कोनाशी बोले नाही फक्त. सुट्टीवर गावाले गेला तं म्हाताऱ्यानं गावभर दुसरंच सांगून ठेवलं होतं. सारे याले म्हनत, काय बाप हाय तुया! आता बापाले चारचौघात खोटं पाडंल का कोनी?"

बस सुटेपर्यंत मी अकोटच्या स्टँडवर बसून होते.  मला अकोल्याचं होस्टेल आठवलं. मी डी.एड.ला होते, पहिलंच वर्ष, मन लागत नव्हतं. पत्रात तसं काही लिहिलं नव्हतं, तरी तुम्ही अचानक आलात. पण होस्टेलच्या फाटकापाशी आला नाहीत. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर उभे राहिलात आणि चौकीदाराकरवी मलाच तिकडे बोलावलंत. मला राग आला होता, की हे आपले फौजी, चार पावलं यायला काय झालं. तुम्ही रसाचा पेला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "काही तकलीफ असंल तं सांग." मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही जो श्वास सोडलात, तो सुटकेचा होता का हो बाबा? मी "घेऊन चला" म्हणाले असते तर तुम्ही काय केलं असतं?

मी दादाला न सांगता गाडीत बसले. सेंटरवरचे साहेब नीट बोलले, काही वाकडं बोलले नाहीत. त्यांनी तिला बाहेर आणलं. केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली, एका पायावर भार देऊन उभी. तुमची नात, जी पोरांच्या पुढे धावायची. पहिला प्रश्न तिनं काय विचारला असेल? "मामाले सांगून आली का?" मी म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "मी विचारून नाही राहिली तुले, चल." मग ती तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. बाकी डॉक्टरांचे कागद, सह्या, थांबणं, ते सगळं झालं आणि आम्ही परत आलो.

मला वाटलं होतं, घरी आणली की झालं. तसं नाही. ती खोलीबाहेर येत नाही. पोरं जेवायला आली की आतून कडी लावते. वलगावला बॅनर उतरवलं असं कोणीतरी सांगितलं. दादानं की दुसऱ्या कोणी, मी विचारलं नाही. मी भाजी चिरते आणि कान आतल्या खोलीकडे. तिनं कूस बदलली तरी मला कळतं. आंघोळीला गेली की दर थोड्या वेळानं काहीतरी विचारते, साबण आहे का, टॉवेल घेतला का, फक्त तिनं उत्तर द्यावं म्हणून.

आज दुपारी ताट घेऊन गेले तर तिनं आपणहून तोंड उघडलं. भिंतीकडेच पाहत म्हणाली, "आई, आजोबा असते तर काय म्हणाले असते?"

काकांनी सांगितलेलं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिनं पुढचंच विचारलं असतं, की मग आजोबा तर थांबले ना, पहिले आले ना? म्हणून मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "आजोबांनी मला जाण्याआधी सांगून ठेवलं होतं. आपलं लेकरू कुठं अडकलं आणि नेण्यासाठी बोलावलं, तर विचार करत बसू नको. जाऊन घेऊन ये."

ती वळली. "खरंच?"

"खरंच."

मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, भाजी तिकडे लागली तरी उठले नाही.

बाबा, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. खरं सांगायचं तर मला भीती वाटते, की तुम्ही असता तर दादाच्या शेजारी बसून हातच जोडले असते. हे पत्र तिच्या हाती लागलं तर मी आज मिळवलेलं सगळं जाईल, म्हणून शेगडी पेटवल्यावर मी ते जाळून टाकणार आहे. आणि तिनं उद्या पुन्हा विचारलं, तर तुमच्या तोंडून मी पुन्हा तेच सांगणार आहे.