डाव्या बुटाची नाडी

प्रिय ताई,

काल परतूरहून परत आले आणि आज कामाला दांडी मारून तुला लिहायला बसले आहे. तुला एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. त्याचं उत्तर काल आपल्या घरामागच्या शाळेच्या मैदानावर मिळालं, आणि ते ऐकायला तूच नाहीस! मग कुणाला सांगू?

प्रश्न असा: खो-खो खेळताना तू फक्त डाव्याच बुटाला नाडी का बांधायचीस?

आठवतं ना? ते पांढरे कापडी बूट, धुऊन धुऊन पिवळे पडलेले. आईच्या परकरातली नाडी ओढून काढायचीस, तळव्याखालून घालून करंगळीच्या बाजूनं वर आणायचीस आणि लेसमध्ये गाठ मारायचीस. आई घर डोक्यावर घ्यायची. "घरात उंदीर न्हाई, घूस न्हाई, मंग माझ्या नाड्या कोण खाऊन राह्यलं?" तू तोंड एवढंसं करून उभी राहायचीस आणि मी तुझ्यामागे लपून हसायचे.

पण उजव्या बुटाला का नाही? लहानपणी वाटायचं, आईची एकच नाडी हाती लागत असेल. पुढं वाटलं, तुझा डावा पाय बारीक असेल. एकदा तर वाटलं, शकुनाची भानगड असेल! तू असलं काही मानणारी नव्हतीस, तरी वाटलं. विचारलं मात्र कधीच नाही.

माझं काम काय, हे तुलाही कधी नीट कळलं नाही म्हणा. "बुटाची डिझाइन म्हंजे काय करती गं? रंग ठरवती का?" असं फोनवर चिडवायचीस. रंग नाही गं! मी खेळाच्या बुटाचा वरचा भाग ठरवते. तो जाळीच्या कापडाचा असतो. जाळी हलकी, पण ताणते. खेळाडू धावता धावता वळला की पाय तळाच्या कडेवरून बाहेर सरकतो आणि घोटा मुरगळतो. जाड कापड घ्यावं तर बूट जड होतो. मग आम्ही जाळीवर न ताणणारे धागे बसवतो, लेसच्या छिद्रांपासून थेट तळाच्या कडेपर्यंत. लेस आवळली की ते ताठ होतात आणि पायाला धरून ठेवतात.

गंमत अशी की धागा फक्त ओढून धरतो, त्याला ढकलता येत नाही. त्यामुळं पाय नेमका कुठल्या बाजूला पळायला बघतो, ते आधी शोधावं लागतं. मला या कामात सगळ्यात जास्त तेच आवडतं.

आता सोनूचं सांगते. तू गेल्यावर तुझी लेक आईकडेच राहिली. काही दिवस मैदानाकडे फिरकली नाही, मग एक दिवस आपली आपणच गेली. छान खेळते गं! पण दिवाळीनंतर खांबापाशी वळताना तिचा घोटा मुरगळला. घोटा बरा झाला, भीती राहिली. खांब जवळ आला की तिचा वेग पडतो. येत्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, आणि सरांनी तिला स्पष्ट सांगितलंय, "खांबाला अशी थांबून राह्यली तर घेता येणार न्हाई."

तिनं मला फोन केला. "मावशी, पाय बुटाच्या भाईर जातो." झालं! मी कामाला लागले. डाव्या बुटाला बाहेरच्या अंगानं दाट धागे बसवले, उजव्याला विरळ, म्हणजे तो हलका राहील. सोबतचे म्हणाले, दोन्ही बूट सारखे ठेव. मी ऐकते होय? आमच्या घरच्या पायांचं मला विचारा, म्हटलं.

काल सोनू ते बूट घालून धावली. खांबाशी वळली आणि उजव्या बुटाची जाळी बाहेरच्या बाजूनं फुगली. उजव्या! ती अडखळली, पडली नाही एवढंच. मी चक्रावलेच. तिला पुन्हा धावायला लावलं, खाली मातीत बसले आणि नुसती खांबाकडे बघत राहिले.

ताई, सोनूनं खांब डाव्या हातानं धरला होता.

तू उजव्या हातानं धरायचीस. उजव्या हातानं खांब धरून वळलं की सगळा भार बाहेरच्या पायावर, म्हणजे डाव्यावर येतो. म्हणून तुझी नाडी डाव्या बुटाला! इतकं साधं होतं? आणि सोनू दाजींसारखी डावखुरी. आईनं तिला जेवायला-लिहायला उजव्या हाताची सवय लावली, म्हणून मी ते पार विसरून गेले होते.

"अगं, डाव्या हातानं धरती हे सांगायचं न्हाई का?" मी म्हटलं.

"तू इचारलंच न्हाई, मावशी. आल्यापासून मम्मी कशी खेळायची तेच सांगून राह्यली."

मला तिथंच रडू आलं. इतके दिवस मी तुझ्या पायांसाठी बूट करत होते, ताई. तू नाहीस हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं.

आई मैदानाच्या कडेला बसली होती. ती उठून घरात गेली आणि आली ती हातात परकराची नाडी घेऊन. "धर, उजव्याला बांध. जल्दी कर, ऊन चढून राह्यलं." आपली आई! स्वतःहून! तू असतीस तर काय केलं असतंस गं?

नाडी बांधली. सोनू धावली, वळली आणि थांबली नाही. पुन्हा धावली, पुन्हा थांबली नाही. मग ती मोठ्यानं हसली. तेव्हा मला तुझी आठवण आली नाही, हे तुला सांगायलाच हवं. नुसती तीच दिसत होती.

उद्या उजव्या बुटाचे धागे नव्यानं बसवून घेते. रविवारच्या आत नवी जोडी परतूरला पोचेल. निवड होईल का? माहीत नाही. पण खांबाशी तिचा पाय बाहेर जाणार नाही, एवढं माझ्याकडं लागलं. आणि कबूल करते, यापुढं आधी तिला विचारीन, मग धागा लावीन.

दाट धाग्यांचा तो डावा बूट मात्र मी कुणाला देणार नाही. तो तुझा आहे.

तुझ्यामागे लपून हसणारी,
मंजू